हिवाळ्यात आडवाटेला गाडी नेताना: सुटे भाग, पाने आणि बाकीचं सामान

विदर्भातल्या आडवाटा म्हणजे मेळघाट, गडचिरोलीचा दक्षिण भाग, जिवतीचा डोंगर, नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेची गावं. पावसाळ्यात बंद पडलेल्या पांदणी (शेतातल्या गाडीवाटा) आणि रपटे (ओढ्यावरचे बुटके पूल) नोव्हेंबरात मोकळे होतात आणि फेब्रुवारीपर्यंत तिकडे गाड्यांची ये-जा सुरू राहते. आरोग्य शिबिरं, लग्नं, बी-बियाण्यांचे दौरे, नुसती भटकंतीही. अशा वाटांवर जाणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं डिझेलवरची चारचाकी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत.

लडाखला जाणाऱ्यांच्या तयार याद्या मिळतात. त्यातलीच एक वापरली तर काय बिघडलं?

डिकी भरेल, उपयोग होणार नाही. त्या याद्यांमध्ये चाकाच्या साखळ्या, बर्फ खरवडायची पट्टी आणि डिझेल गोठू नये म्हणून घालायचं औषध असतं. लडाखमध्ये त्याला अर्थ आहे. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, यावरून तिथली थंडी कळते. आपल्याकडे नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला तर तो विक्रम ठरला होता.

पण त्याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. विदर्भात गाडीचा खरा वैरी उन्हाळा आहे. बॅटरी, रबरी पाईप, पट्टे, वायरवरचं प्लास्टिक हे सगळं एप्रिल-मेमध्ये भाजून निघतं आणि पावसाळा कसाबसा ढकलतं. डिसेंबरातल्या पहिल्या कडक पहाटे ते हात टेकतं. म्हणून आपली यादी उन्हाने काय खाल्लं ते पाहून करायची. बर्फाचा विचार सोडून द्या.

भाऊ, गाडी तर बोलेरो हाय. तिला कायची यादी लागते? जिथं बंद पडली तिथं मिस्त्री भेटते.

मिस्त्री भेटते, पार्ट भेटत नाही. भामरागडकडे किंवा धारणीच्या आतल्या गावात बोलेरो डोळे मिटून खोलणारा माणूस सापडेल, आणि तो हुशारही असेल. पण त्याच्याकडे तुमच्या मॉडेलचा पट्टा नसेल, वरचा होज नसेल, डिझेल फिल्टर नसेल. तो आणायला कुणी मोटारसायकलवर आलापल्लीला किंवा परतवाड्याला जाणार आणि तुमचा दिवस जाणार. सुटे भाग न्यायचे ते या मिस्त्रीसाठी. तुम्हाला स्वतःला ते बसवता येत नसले तरी न्या.

मग सुटे भाग नेमके कोणते?

आधी एक पद्धत, कारण ती यादीपेक्षा जास्त कामाची आहे: नवा भाग गाडीत लावायचा आणि चालू स्थितीतला जुना डब्यात ठेवायचा. पट्टा बदलायला आला असेल तर दिवाळीनंतर गावातच बदलून घ्या आणि उतरवलेला पट्टा गुंडाळून ठेवा. त्यात भेगा पडल्या नसतील तर तो तुम्हाला परत आणेल. यामुळे तो भाग तुमच्या गाडीला बसतो याची खात्री होते, आणि तो काढायला कोणता पाना लागला हेही समोरच दिसतं. दुकानातून पुडक्यात आणलेला, कधीच न उघडलेला पट्टा अर्धा इंच आखूड निघाल्याच्या कथा प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.

आता यादी. फॅन बेल्ट. रेडिएटरचा वरचा होज पाईप आणि त्याचे दोन क्लॅम्प, शिवाय वेगवेगळ्या मापाचे चार-पाच क्लॅम्प जास्तीचे. डिझेल फिल्टर. हेडलाइटचा एक बल्ब. तुमच्या गाडीत आहेत त्या सगळ्या मापांचे फ्यूज आणि एक रिले. चाकाचे दोन-तीन नट. व्हॉल्व्हच्या पिना. इंजिन ऑइल एक लिटर, ब्रेक ऑइलची बंद बाटली, कूलंट दोन लिटर. कूलंट संपलं तर साधं पाणी घालून घरापर्यंत येता येतं, मात्र गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वाफेने तोंड भाजतं.

जुन्या गाडीत, म्हणजे कमांडर, जुनी बोलेरो, सुमो यांत, क्लच केबल असेल तर ती आणि प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस बरोबर ठेवा. मागे कमानी पाटे असतील तर एक यू-बोल्ट आणि एक सेंटर बोल्टही. माणसं आणि पोती एकदम भरून दगडी वाटेवर गाडी घातली की सेंटर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल सरकतो.

किरकोळ वाटणाऱ्या पण फार कामाच्या वस्तूंची वेगळी पिशवी करा: बाइंडिंग तार, इन्सुलेशन टेप, दोन मीटर वायर, एम-सील, प्लास्टिकचे टाय, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि कपड्याच्या साबणाची वडी. डिझेलच्या टाकीला दगड लागून बारीक गळती झाली तर साबण मळून दाबायचा. डिझेलमध्ये तो विरघळत नाही. वरून पट्टी बांधली की गॅरेजपर्यंत निभतं.

माझी गाडी नवी, बीएस-६ (धुराचे नवे कडक नियम पाळणारी) आहे. तिच्यात मला काय करता येणार?

थोडं कमी, पण बरंच काही. टायर, बॅटरी, फ्यूज, पट्टा, होज, बल्ब हे जुन्या गाडीसारखंच आहे. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं बहुतेक गाड्यांत जमतं. मॅन्युअलमधलं ते पान घरीच वाचून ठेवा.

एक गोष्ट मात्र करायची नाही. जुन्या इंजिनाच्या डिझेलच्या नळीत हवा धरली की मिस्त्री इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारायला सांगतो. नव्या कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं ती) त्या पाईपमध्ये १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि बोट गमवायची वेळ येते. गावातला मिस्त्री पाना घेऊन तिकडे वळला तर हात धरा.

पन्नास-शंभर ग्रॅमची आणखी दोन वजनं: रिमोट चावीतला सेल आणि ब्लूटूथचं ओबीडी यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं). चावीचा सेल थंडीत आधी मान टाकतो. ओबीडी यंत्राने फोनवर निदान कोणता सेन्सर रडतोय ते दिसतं, आणि गाडी तशीच हळू चालवत न्यायची की टोचन करायचं हे ठरवता येतं.

पहाटे सेल्फ कुरकुरतो आणि गप्प बसतो. नवी बॅटरी घ्यावी का?

आधी मोजा. साधं मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं आणि ते डब्यात असलंच पाहिजे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. गाडी सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. तेवढं दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरकडे, पट्ट्याकडे किंवा वायरकडे आहे आणि नव्या बॅटरीवर घातलेले पैसे वाया जातील.

बऱ्याचदा नुसतं टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलेलं असतं. गरम पाणी, जुना ब्रश, मग १० चा पाना घट्ट आणि वर थोडं ग्रीस. पण बॅटरीने तीन-चार उन्हाळे पाहिले असतील आणि भरूनही पहाटे दम टाकत असेल, तर निघण्याआधीच बदला. थंडीत तिची ताकद उतरते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जोरही जास्त लागतो.

जंप केबल जाड तांब्याची घ्या. बाजारात मिळणाऱ्या बारीक केबलचं वरचं रबरच जाड असतं. लाल टोकं प्लसला, काळं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. आणि हे लक्षात ठेवा: ट्रॅक्टरची बॅटरी साधारणपणे १२ व्होल्टची असते, तिच्यावरून चालेल. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्याचे आभार माना, पण केबल लावू नका. गाडीचा कॉम्प्युटर जळेल.

धक्का मारून सुरू होणार नाही का?

जुनी डिझेल होईल, उतार असेल तर आनंदाने होईल. ऑटोमॅटिक गाडी होणार नाही. नवी गाडी बॅटरी पूर्ण मेली असेल तर होणार नाही, कारण पंप आणि कॉम्प्युटरलाही वीज लागते.

एक स्टेपनी पुरते का?

डांबरी रस्त्यावर पुरते. शेतातून जायचं असेल तर स्टेपनीबरोबर तुमच्या मापाची एक ट्यूबही ठेवा, टायर ट्यूबलेस असला तरी. दगडावर रिम वाकली की ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. गावातला पंक्चरवाला रिम ठोकून ट्यूब घालून देतो, पण तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

हिवाळ्यात टायरचे दोन शत्रू असतात. बाभळीचा काटा सगळ्यांना माहीत आहे. तो आत मोडतो, म्हणून टोकदार पक्कड हवी. काटा दिसतोय पण हवा जात नसेल तर तो वाटेत उपटू नका, पंक्चरवाल्याकडे गेल्यावर काढा. दुसरा शत्रू तुरीचं खुंट. डिसेंबर-जानेवारीत तूर कापली जाते आणि विळ्याच्या तिरप्या घावाने वावरात भाल्यासारखी टोकं उभी राहतात. पऱ्हाटी (कपाशी) उपटून झालेल्या शेतातही काही खुंटं राहतातच. काटा टायरच्या तळाला टोचतो आणि तिथं स्ट्रिप (भोकात ठोसायची चिकट रबरी पट्टी) बसते. खुंट मात्र बाजूच्या भिंतीला फाडतं आणि तिथं स्ट्रिप टिकत नाही. गाडी वळवायची म्हणून वावरात उतरवू नका, धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) मागे घ्या. शेतकऱ्याच्या शिव्याही वाचतील.

स्ट्रिपचं किट, आरी, सोल्यूशन, साबणाच्या पाण्याची छोटी बाटली आणि १२ व्होल्टचा हवा पंप बरोबर असू द्या. पंप थेट बॅटरीला चिमट्याने लागणारा घ्या. लायटरच्या सॉकेटवर चालणारे मोठ्या टायरला रडवतात आणि फ्यूज उडवतात.

हवा किती ठेवायची?

दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली, आणि ती पहाटे, गाडी हलवण्याआधी मोजायची. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. दुपारी ऊन खाल्लेल्या टायरात भरलेली हवा पहाटे दोन-तीन पीएसआय कमी दिसली तर घाबरू नका. नदीच्या वाळूत उतरावंच लागलं तर १८-२० पर्यंत कमी करा आणि बाहेर आल्यावर लगेच भरा. कमी हवेवर वेगाने गेलात तर टायर रिमवरून निघतो.

पाने कोणते घ्यावेत? शंभर नगांचा सेट घेऊ का?

नको. त्यातले ऐंशी नग कधीच निघत नाहीत आणि उरलेल्यांतला हवा तो नेमका हरवतो. तुमच्या मिस्त्रीला विचारा, या गाडीवर तू कोणते पाने वापरतोस? महिंद्रावर १०, १३, १७, १९ हे फार लागतात. मारुतीवर १०, १२, १४, १७. तेवढ्या मापांच्या चांगल्या गोट्या (सॉकेट), रॅचेट, एक लांब एक्स्टेन्शन, तेच फिक्स-रिंग पाने. पक्कड, टोकदार पक्कड, ग्रिप प्लायर, दोन पेचकस, हातोडी, टायरच्या दोन टाम्या (टायर उचकटायच्या पट्ट्या), लोखंड कापायचं पातं.

गाडीबरोबर येणारा चाकाचा पाना आखूड असतो. गॅरेजमध्ये मशीनने आवळलेले नट त्याने सुटत नाहीत. त्याच्यावर बसणारा दोन फुटांचा पाईप ठेवा. निघण्याआधी घरच्या अंगणात एकदा सगळे नट हाताने सोडवून पुन्हा आवळून पाहा.

कपाळावर बांधायची टॉर्च अवजारच समजा. डिसेंबरात नागपूरकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच अंधारतं. तोंडात मोबाईल धरून नट सोडवता येत नाही.

जॅक लावला की तो जमिनीतच जातो. काय करावं?

काळ्या मातीत तो जाणारच. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन इंच जाड फळी ठेवा. सागवान कशाला, बाभळीचीही चालेल. लाकडाच्या वखारीत तुकडा मिळतो. फळी अशी ठेवा की चिखलात गुडघे टेकून, सामान न उतरवता हाती येईल. उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा, काढलेली स्टेपनी चौकटीखाली सरकवून ठेवा आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

हिवाळ्यात चिखल कुठून येणार?

अवकाळी येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये बुलडाण्याकडे गारपिटीने उभा हरभरा झोपवला होता. तासभर पाऊस पडला तरी काळ्या मातीची पांदण लोण्यासारखी होते. चाकाला माती चिकटून मडगार्डात घट्ट बसते आणि फोर-बाय-फोरही जागेवर फिरते. अशा वेळी फावडं आणि रिकामी पोती हवीत. पोती चाकापुढे अंथरायची. आणि घाई नसेल तर थांबायचं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वाट पुष्कळ वेळा परत धरते.

विंच घेऊ का, असं बरेच जण विचारतात. गावात ट्रॅक्टर असतोच, त्यामुळे मला ती गरजेची वाटत नाही. स्वतःचा ओढपट्टा आणि दोन डी-शॅकल मात्र हवेत, कारण ट्रॅक्टरवाला साखळी आणेल आणि झटका देईल. साखळी तुटली तर काच फोडून आत येते. पट्टा गाडीच्या टो-हुकलाच अडकवा, बंपरला नाही. त्यावर मधोमध ओलं पोतं टाका, बघ्यांना लांब हटवा आणि ट्रॅक्टरवाल्याला हळूच ताण घ्यायला सांगा.

गाडी रात्री शेतात उभी होती. सकाळी अर्धे दिवे बंद. हे थंडीमुळे झालं का?

उंदरामुळे. पीक निघालं की ते उघड्यावर येतात आणि गरम बोनेट त्यांना आवडतं. सेल्फ मारण्याआधी बोनेट उघडून कुरतडलेल्या वायरी, ओढून आणलेला कापूस, तणस बघा. हे इंजिनावर राहिलं तर पेटतं. वायर, टेप, फ्यूज यादीत आहेत ते यासाठीच. रात्री बोनेट थोडं उघडं ठेवून गाडी धान्याच्या गंजीपासून लांब लावली तर त्रास कमी होतो.

जंगलाच्या वाटेवर गाडी तापते. रेडिएटर तर नवा आहे.

समोरून पाहा. कुसळं अडकली असतील. वाळलेलं गवत छातीएवढं असतं आणि त्याचं बी रेडिएटरच्या जाळीत गच्च बसतं. मऊ ब्रश ठेवा, आणि आधीच ग्रिलच्या मागे मच्छरदाणीचा तुकडा बांधा.

गाडीखालीही वाकून बघा. बीएस-६ डिझेलची धुराची नळी तिच्यातला काजळीचा फिल्टर आपोआप साफ होताना प्रचंड तापते. वाळल्या गवतावर गाडी उभी केली तर वणवा लागायला वेळ लागत नाही. अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या, डिकीत नाही.

कुऱ्हाड आणि करवत नेऊ का? वाटेत झाड पडलेलं असतं.

मेळघाट, ताडोबा, नागझिरा यांच्या हद्दीतून जाणार असाल तर नका नेऊ. अभयारण्यात हत्यार नेणं आणि आग लावणं या दोन्ही गोष्टींना कायद्याने बंदी आहे, आणि नाक्यावर डिकीत कुऱ्हाड सापडली तर तुमच्या हेतूवर कुणी विश्वास ठेवायचं कारण नाही. झाड पडलं असेल तर वनरक्षकाला कळवा. ठरलेल्या रस्त्यावरून गाडी खाली उतरवणंही तिथं गुन्हाच. ऑफ-रोडची हौस महसुली पांदणीवर भागवा.

रेंज नसते. सॅटेलाइट फोन घ्यावा का?

परवानगीशिवाय तो बाळगणं भारतात बेकायदा आहे आणि गडचिरोलीत तर तुम्ही नको त्या चौकशीत अडकाल. त्याऐवजी नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि कुठे चाललो, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधा, हे घरी कागदावर लिहून द्या. रेंज मिळताच ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

रात्र गाडीतच काढावी लागली तर?

माणशी एक गोधडी, पाच लिटर पाणी, शेंगदाणे-गूळ, काडेपेटी. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. जंगल हद्दीत गाडीतून उतरून शेकोटी करायची नाही. तिथं थंडी सोसायची.

जास्तीचं डिझेल?

दहा लिटर, लोखंडी कॅनमध्ये, बांधून. पेट्रोल शक्यतो नको, आणि माणसं बसतात तिथं तर मुळीच नको. पेट्रोल गाडीवाल्यांनी तालुक्याच्या गावी टाकी भरूनच पुढे निघावं.

हे सगळं मावायचं कसं?

दोन पत्र्याच्या पेट्या. जड ती खाली, मागच्या सीटला टेकून, पट्ट्याने बांधलेली. टपावर लोखंड ठेवू नका, तिरप्या वाटेवर गाडी कलंडायला तेच कारण होतं. पाने जुन्या जीन्सच्या कापलेल्या पायात गुंडाळले की वाजत नाहीत. पट्टे आणि होज प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ऑइलच्या डब्याजवळ नाही. जॅक, फळी, चाकाचा पाना आणि टॉर्च पेटीत घालू नका, ते सगळ्यात वर. नाक्यावर तपासणी होते. उघडून दाखवता येईल असं रचा.

दुचाकीवर जाणाऱ्यांनी काय घ्यावं?

मागची-पुढची ट्यूब, तीन टाम्या, पायपंप, क्लच केबल, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, चेनचं लॉक, एक बल्ब, तार, टेप. नवी क्लच केबल जुनीच्या बाजूनेच आधी ओवून ठेवा, तुटली की दोन्ही टोकं जोडायची आणि निघायचं. हातमोजे चामड्याचे. मेळघाटातल्या पहाटे लोकरीच्या मोज्यांतून वारा आरपार जातो.

शेवटची खरेदी कुठे करावी?

मेळघाटात वर चढण्याआधी परतवाड्यात. भामरागड-एटापल्लीकडे जाताना चंद्रपूर किंवा गडचिरोलीत, राहिलंच तर अहेरी-आलापल्लीत. रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी दुकानं कधी उघडतात हे फोन करून विचारा, आणि जाताना जुना भाग हातात घेऊन जा. गाडीचं नाव आणि वर्ष सांगून मिळालेला पार्ट बसेलच याची हमी काउंटरवरचा पोरगाही देत नाही.